कर्णासाठी अश्रू, यशवंतासाठी कागद

'अक्करमाशी' पदव्युत्तर वर्गात शिकवून झाले की परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो : 'आत्मकथनातील अस्मितेचा शोध स्पष्ट करा.' विद्यार्थी उत्तर लिहितात, आपण गुण देतो, आणि प्रश्नातली गफलत दोघांनाही खटकत नाही. शोध हरवलेल्या गोष्टीचा घेतात. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातल्या मुलाला आपला बाप कोण हे ठाऊक आहे. आईला ठाऊक आहे, आजीला ठाऊक आहे, गावालाही ठाऊक आहे. बाप सवर्ण आहे, पाटील आहे. म्हणजे इथे काही हरवलेले नाही. ज्याच्याजवळ नाव आहे, जात आहे, प्रतिष्ठा आहे, त्याने ती या मुलाला द्यायची नाकारली आहे. या नकाराला आपण 'शोध' म्हणतो. ते समीक्षेला सोयीचेही आहे, कारण शोध एकट्याने घेता येतो. नकार म्हटला की नाकारणारा कोण, हे सांगावे लागते.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप एवढाच आहे. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांविषयी मराठी साहित्याने, आणि त्याहून अधिक मराठी समीक्षेने, कणव पुष्कळ दाखवली. परंतु त्यांच्या हक्काचा प्रश्न सातत्याने टाळला. आपला वारसा कायदाही नेमके हेच करतो. तो या मुलाला भाकरी देववतो आणि घराबाहेर बसवतो. साहित्याचे अध्यापक म्हणून कायद्याशी आपला संबंध नाही, असे म्हणून भागणार नाही. ज्या शब्दांनी आणि ज्या कथांनी हा समाज अशा मुलांकडे पाहायला शिकतो, ते शब्द आणि त्या कथा आपणच शिकवतो.

आधी शब्दांचेच पाहू. 'औरस' म्हणजे 'उरस्'पासून, स्वतःच्या देहापासून झालेला. व्युत्पत्ती प्रमाण मानली तर पाटलाचा विवाहाबाहेरचा मुलगा शंभर टक्के औरस ठरतो आणि दत्तक घेतलेला मुलगा अनौरस. प्रत्यक्षात दत्तकाला कोणी अनौरस म्हणत नाही. धर्मशास्त्राने 'औरस' या शब्दात 'विधिपूर्वक विवाहित पत्नीच्या ठायी' ही अट घातली आणि तेव्हापासून शब्द देहाविषयी बोलत राहिला, अर्थ मात्र विधीविषयी झाला. लोकभाषेतले शब्द अधिक उघडे आहेत. तोळ्याचे मासे बारा. म्हणून अस्सल तो बारामाशी आणि ज्याच्यात एक मासा कमी तो अक्करमाशी. दासीच्या पोटचा तो लेकवळा. यातल्या प्रत्येक शब्दाने मुलाच्या अंगात काही उणे असल्याचे सुचवले आहे. बापाच्या वागण्यातले उणे दाखवणारा, त्याला असाच जन्मभर चिकटणारा एखादा शब्द मराठीत शोधून पाहावा.

आता कर्णाकडे येऊ, कारण मराठी वाचकाची सगळी कणव तिथे जमा झाली आहे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली. रणजित देसाईंच्या 'राधेय'चा नायकही कर्णच. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी कर्णासाठी हळहळत आले आहेत. पण ही हळहळ कशासाठी आहे, हे कधी तपासले जाते का? कर्ण सूतपुत्र म्हणून हिणवला गेला याचे आपल्याला दुःख होते ते तो 'खरे तर' राजपुत्र होता म्हणून. त्याची कवचकुंडले ही त्याच्या उच्च जन्माची पावती आहे आणि वाचकाच्या हाती ती पहिल्यापासून असते. कर्ण जर खरोखरच एखाद्या सूतकन्येला विवाहाआधी झालेला मुलगा असता, तर आपले डोळे इतके भरून आले असते का? आपण एका मुलासाठी रडत नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या कुळासाठी रडतो.

गंमत अशी की मूळ महाभारत या बाबतीत आपल्या कादंबऱ्यांहून अधिक रोखठोक आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला एकांतात गाठतो आणि नशिबाची गोष्ट न काढता थेट कायद्याची काढतो. कन्या असताना झालेला 'कानीन' पुत्र हा तिच्याशी पुढे विवाह करणाऱ्याचा पुत्र ठरतो. म्हणून धर्माने तू पांडूचा ज्येष्ठ मुलगा आहेस, राज्य तुझे आहे, असा तो युक्तिवाद आहे. धर्मशास्त्राने मानलेल्या बारा प्रकारच्या पुत्रांत कानीन आहेच. म्हणजे त्या काळच्या नियमाने कर्णाला दर्जा होता. तो दडवला गेला एवढेच. आणि कर्ण तो का नाकारतो? अधिरथाने माझे जातकर्म केले, मला नाव दिले, माझी लग्ने लावून दिली, हे त्याचे उत्तर आहे. बाप कोण, या प्रश्नाला कर्णाने दिलेले हे उत्तर वर्गात क्वचितच शिकवले जाते, कारण ते दिल्यावर रडायला फारसे कारण उरत नाही.

खरा प्रश्न विदुराचा होता. त्याचा बाप अज्ञात नव्हता. धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर हे तिघेही व्यासाचेच; आया मात्र वेगळ्या. दोघांच्या राण्या होत्या, तिसऱ्याची दासी. एक आंधळा म्हणून अपात्र ठरला, तरी पुढे सिंहासनावर बसला. तिसरा डोळस, शहाणा आणि नीतिमान असूनही त्याचे नाव सिंहासनासाठी विचारातच आले नाही. विदुराच्या वाट्याला कर्णाची लोकप्रियता आली नाही, कारण त्याच्याजवळ दडवलेले कुळ नव्हते. परंपरेत ज्ञानेश्वरादी भावंडांची जी कथा सांगितली जाते, तिचीही घडण तशीच आहे. संन्याशाची पोरे म्हणून त्यांना मुंज नाकारली गेली. शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. आणि रेड्याच्या मुखातून वेद वदवल्यावर त्यांची योग्यता मान्य झाली. आईबापांच्या वर्तनाची शिक्षा झालेल्या मुलाने चमत्कार करून दाखवावा, मग आपण त्याला आपले म्हणू, हा या कथेचा अलिखित नियम आहे. ज्या मुलांना रेडा बोलवता येत नाही त्यांनी काय करावे, हे ती सांगत नाही.

अशा मुलांसाठी कायदा असतो. म्हणून आता कायदा काय म्हणतो ते पाहावे लागेल. आणि तेही एका नाट्यकृतीच्या आधाराने पाहिले तर अधिक स्पष्ट होईल. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले. लीला बेणारे ही अविवाहित शिक्षिका गरोदर आहे. लुटुपुटीचा खटला खरा होत जातो आणि शेवटी तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचा निकाल दिला जातो. तिची नोकरीही जाते. या नाटकावर आपण स्त्रीच्या शोषणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले आहे आणि ते रास्तच आहे. पण ज्याच्याविरुद्ध निकाल गेला ते मूल आपल्या समीक्षेत एक पुरावा म्हणूनच उरते. त्या मुलाचा बाप प्रा. दामले, विवाहित, मुलाबाळांचा गृहस्थ. तो रंगमंचावर येतच नाही. (तो प्राध्यापक आहे, ही गोष्ट आपण प्राध्यापकांनी फार लावून घेतलेली नाही.)

समजा, तो निकाल अमलात आला नाही आणि बेणारेचे मूल जन्मले. प्रा. दामले मृत्युपत्र न करता वारले. त्या मुलाला काय मिळेल? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३ मध्ये 'नातेवाईक' कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे. नाते म्हणजे औरस नाते. त्याला जोडलेले परंतुक असे की अनौरस मुले आपल्या आईशी आणि एकमेकांशी नात्याने जोडलेली मानावीत. बापाचा उल्लेख नाही. म्हणजे दामल्यांच्या घरातली मुले वारस. बेणारेचे मूल कायद्याच्या दृष्टीने दामल्यांचे कोणीच नाही. १९६७ साली नव्हते, आजही नाही.

यातली विसंगती अशी की हाच कायदा दामले जिवंत असेपर्यंत त्यांना ओळखतो. १९५६ च्याच दत्तक व निर्वाह अधिनियमाचे कलम २० सांगते की औरस असो वा अनौरस, मुलाचे पोषण करणे आईबापाचे कर्तव्य आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ ही तेच सांगते. म्हणजे न्यायालय एका दालनात सांगते, 'हे तुमचे मूल आहे, दरमहा पैसे द्या'. आणि तो गृहस्थ वारल्यावर शेजारच्या दालनात सांगते, 'हे मूल त्यांचे नातेवाईक नव्हे.' पितृत्व सिद्ध करण्याची अडचण पुढे करावी तर ती पहिल्या दालनातच दूर झालेली असते. मग दुसऱ्या दालनात नकार कशाच्या आधारे दिला जातो? भीक घालता येते, वाटा देता येत नाही, या जुन्या सामाजिक भेदाच्या आधारे.

जुना म्हणताना एक तपशील नोंदवायला हवा. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' यांनुसार शूद्राला दासीपासून झालेल्या मुलाला बापाच्या इच्छेने हिस्सा मिळू शकत होता आणि बापाच्या पश्चात भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा असा नियम होता. द्विजांच्या दासीपुत्राला मात्र वाटा नाही, केवळ पोषण. ब्रिटिशकालीन न्यायालयांनीही हा भेद कायम ठेवला. या नियमामागे शूद्रांविषयी औदार्य नव्हते. त्यांच्या विवाहाला फारसे पावित्र्य न मानण्याची वृत्ती त्यात होती. तरीही एका मुलाच्या हातात काहीतरी पडत होते. १९५६ च्या कायद्याने वर्णभेद काढून सर्वांना एकच नियम केला, आणि तो द्विजांचा केला. समता आली ती वरच्या वर्णांच्या नियमाला प्रमाण मानून. बहुजन समाजातल्या मुलाचा जो हक्क स्मृतींनी ठेवला होता, तो प्रजासत्ताकाने घेतला. हिंदू कायद्याच्या सुधारणेचा गौरव करताना ही वजाबाकी आपण सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल की कायदा पुढे गेला आहे. गेला आहे, पण कोणासाठी, ते पाहावे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ ने, विशेषतः १९७६ च्या दुरुस्तीनंतर, रद्दबातल विवाहातून झालेली मुले औरस मानली. पहिली पत्नी असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाची मुले यात येतात. त्यांना आईबापांच्या मालमत्तेत हक्क मिळाला. वडिलोपार्जित मालमत्तेचे काय, यावर अनेक वर्षे उलटसुलट निकाल येत राहिले. 'रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन' या प्रकरणात २०११ साली न्या. गांगुली आणि न्या. सिंघवी यांच्या खंडपीठाने, आईबापांचे नाते कायद्याला मान्य नसले तरी मुलाच्या जन्माकडे त्यापासून वेगळे पाहिले पाहिजे, अशी भूमिका घेतली आणि विषय मोठ्या पीठाकडे सोपवला. १ सप्टेंबर २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला : बापाच्या मृत्यूपूर्वी वाटणी झाली असे कल्पून त्याच्या वाट्याला जे आले असते, त्यात या मुलांनाही हिस्सा आहे, मात्र ती जन्मतः सहदायाद होत नाहीत.

निकाल स्वागतार्ह आहे. पण त्याच्या दारावर कलम १६ ची पाटी आहे : आत येण्यासाठी आईबापांचे निदान रद्दबातल का होईना, लग्न झालेले असावे लागते. दोन घरे करणाऱ्या सधन गृहस्थाने देवळात हार घातला असेल तर त्याचे मूल आत. ज्या शेतमजूर बाईशी पाटलाने हार घालण्याचा देखावाही केला नाही, तिचे मूल बाहेर. दीर्घकाळच्या सहवासावरून विवाह गृहीत धरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालीही पुन्हा सांगितले. पण त्यासाठी दोघे नवराबायको म्हणून एकत्र राहिलेली हवीत. गावच्या वाड्यातला मालक महारवाड्यातल्या बाईबरोबर असा राहत नव्हता, हेच तर 'अक्करमाशी'चे सांगणे आहे. म्हणजे बापाने आईचा जितका अधिक अवमान केला, तितका मुलाचा हक्क कमी. फसवणुकीसाठी का होईना विधी केला तर मूल औरस. विधी करण्याइतकीही तिची किंमत मानली नाही तर मूल अनौरस. जात आणि वर्ग यांचा उल्लेख न करता जात आणि वर्ग पाळणारा याहून नेटका नियम सापडणार नाही.

हिंदू कायद्यापुरताच हा दोष आहे असेही नाही. हनफी कायद्यात अशा मुलाला आईकडून वारसा मिळतो, बापाकडून नाही. शिया कायद्यात आईकडूनही नाही. बापाला वाचवण्याबाबत सर्व धर्मांचे एकमत आहे.

आईच्या बाजूने काही दारे उघडली आहेत, हे खरे. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित मातेला बापाचे नाव उघड न करता, त्याला नोटीस न देता, आपल्या मुलाचे पालकत्व मागता येईल असा निकाल दिला. जुलै २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जन्मदाखल्यावर केवळ आईचे नाव लावण्याचा हक्क मान्य केला आणि अपमानामुळे आयुष्याला शाप देणारे कर्ण समाजात नकोत, अशा अर्थाचे उद्गार काढले. महाराष्ट्र शासनानेही मार्च २०२४ मध्ये शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. पण या साऱ्यातून आईचे एकटेपण सुसह्य होते. बापाचे दायित्व जिथल्या तिथे राहते. नाव न सांगण्याचा हक्क आईला हवाच. नाव सांगितले, सिद्धही केले, तरी वाटा नाही, हे मात्र मुलाने का सोसावे?

यावरचे आक्षेप परिचित आहेत. विवाहसंस्था खिळखिळी होईल, हा पहिला. विवाहसंस्थेचे रक्षण करायचे तर तिचा भंग करणाऱ्याला दंड करावा. आजचा कायदा भंग करणाऱ्याची मालमत्ता सुरक्षित ठेवतो आणि ज्याने काहीच केले नाही त्याला दंड करतो. धर्मपत्नीवर आणि तिच्या मुलांवर अन्याय होईल, हा दुसरा. हा आक्षेप गंभीर आहे, कारण घरातली ती बाईही फसवली गेलेली असते. पण तिचा स्वतःचा हिस्सा आणि घरात राहण्याचा हक्क अधिक बळकट करणे हा त्यावरचा उपाय आहे. शिवाय दुसऱ्या, अवैध लग्नाची मुले कलम १६ मुळे गेली कित्येक वर्षे बापाच्या मालमत्तेत वाटा घेतच आहेत. त्याने आभाळ कोसळलेले नाही. तिसरा आक्षेप मागाहून उपटणाऱ्या खोट्या वारसांचा. पितृत्वाचा पुरावा कडक असावा, जिवंतपणीच ते सिद्ध करून घेण्याची सोय असावी. पण पुरावा अवघड आहे म्हणून हक्कच नको, असे आपण मालमत्तेच्या दुसऱ्या कोणत्याही वादात म्हणत नाही. आणि कायद्यात हे बसवता येत नाही, असेही नाही. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेने सहजीवनातून झालेले मूल औरस ठरवले आहे. दुर्दैवाने त्याच संहितेने सहजीवनाची नोंदणी सक्तीची करून, ती न करणाऱ्यांसाठी तुरुंगवासही ठेवला. मुलाचा हक्क देण्यासाठी प्रौढांच्या घरावर पहारा बसवण्याची गरज नव्हती. व्याख्येतल्या परंतुकात 'आई' या शब्दाजवळ 'आणि पितृत्व सिद्ध झाल्यास बाप' एवढे शब्द पुरले असते.

आणखी एक आक्षेप आपल्या वर्गातून येईल. साहित्य म्हणजे कायद्याचे पुस्तक नव्हे. त्याने संवेदना जागवावी, कलमे सांगू नयेत. मान्य. पण महाराष्ट्रात हा प्रश्न ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत नीट हाताळला, तो लेखकच होता. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन बाळंत व्हावे, मूल मारू नये, यासाठी. १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला तिथे मुलगा झाला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्याला दत्तक घेतले, यशवंत नाव दिले. येथवरची गोष्ट आपण भाषणांत सांगतो. पुढची सांगत नाही. असे दत्तक भाऊबंदांच्या डोळ्यांत सलणार, हे फुल्यांना दिसत असणारच. म्हणून १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र केले, ते रीतसर नोंदवले आणि यशवंतला वारस नेमले. त्यात त्याच्या वर्तनाविषयी अटीही घातल्या, जशा कोणताही बाप घालील. यशवंत त्यांच्या रक्ताचा नव्हता. ज्याच्या रक्ताचा होता, त्याचे नाव कोणत्या कागदावर आले नाही.

नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून वाद झाला. ज्याला टिटवे धरण्याचा मान त्याला वारसा, अशी समजूत असल्याने यशवंतला विरोध झाला. सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः उचलले आणि त्या पुढे चालू लागल्या. मृत्युपत्र पेटीत होतेच. यशवंत पुढे डॉक्टर झाला.

आज विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला बापाचा वारसा मिळावा असे वाटणाऱ्या बापासमोर फुल्यांचाच मार्ग आहे : मृत्युपत्र करावे. म्हणजे मुलाचा हक्क १८८७ प्रमाणे आजही बापाच्या सज्जनपणावर टांगलेला आहे; आणि बाप सज्जन असता तर प्रश्न बहुधा उद्‌भवलाच नसता. यापुढे 'अक्करमाशी' किंवा 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवताना फळ्यावर कलम ३ मधली ती व्याख्या लिहावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे, या मुलाचा वारसा कोणाकडे गेला. अस्मितेचा शोध त्यानंतर घ्यायला हरकत नाही.